गिरणीत लावलेला कान

प्रत्येक फाईल आपल्या चपला दारात काढून ठेवते, असं शाल्मली खारोडे केंद्रात येणाऱ्या नव्या माणसांना सांगायची. फाईल म्हणजे शेवटी अंकांची लांबच लांब माळ. ती छायाचित्र आहे, गाणं आहे की कुणाच्या पोटाचा स्कॅन, हे वरवर पाहून कळत नाही. पण बहुतेक फायलींचे पहिले चार-सहा अंक ठरलेले असतात. दारातल्या चपला पाहून आत कोण बसलंय ते ओळखावं, तसा त्या अंकांवरून फायलीचा प्रकार ओळखायचा, म्हणजे पुढचे अंक कुठल्या क्रमाने आणि काय धरून वाचायचे ते कळतं. हे सगळं ज्यात लिहून ठेवायचं, तो प्रकारकोश. कंपन्या बुडतात, प्रोग्राम मरतात, यंत्रं भंगारात जातात. कोशात नोंद असेल तर फाईल तरीही बोलते, नसेल तर ती मुकी.

"आणि लग्नघरात होतं तसं झालं तर? कुणी दुसऱ्याच्याच चपला घातल्या असतील तर?" असं एखादा चुणचुणीत माणूस विचारायचाच.

"त्यासाठीच तर सरकार मला पगार देतं," शाल्मली म्हणायची, आणि तिचा तो घोगरा, भरदार आवाज तळघराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन परत यायचा.

तळघर होतं चिखलदऱ्याला. साठवणीची यंत्रं तापतात, त्यांना गारवा लागतो, आणि सातपुड्याच्या माथ्यावर गारवा फुकट मिळतो, असा हिशेब करून पंधरा-वीस वर्षांपूर्वी सरकारने डोंगराच्या पोटात हे जतन केंद्र बांधलं. वर कॉफीची झाडं, खाली साऱ्या पश्चिम भारताच्या जुन्या फायली. फुकटच्या गारव्याने भागेना, म्हणून कर्मचाऱ्यांच्या घरांना लागून एक भला थोरला चिलरही बसवला होता. तो दिवसभर घुमायचा. नव्याने राहायला आलेल्यांचं त्याने डोकं उठायचं, पण शाल्मलीचा नवरा हर्षल त्या चिलरला पाठ टेकून खुशाल पुस्तक वाचत बसायचा.

हर्षल मेळघाटात पक्ष्यांची मोजदाद करायचा. डोळ्यांनी नव्हे, आवाजावरून. आणि गंमत अशी की तो जन्माने ठार बहिरा होता.

तो तीन वर्षांचा असताना त्याच्या कानात एक रोपण बसवलं होतं. आपल्या कानाच्या आत गोगलगायीच्या शंखासारखी एक पोकळी असते. तिच्या दाराशी बारीक, उंच आवाज कळतात, खोल आत गेलं की जाडे, खर्जातले. रोपणात केसाएवढी एक तार त्या शंखात सरकवतात. तिच्यावर ओळीने बावीस ठिपके असतात. कानामागे लावलेलं यंत्र बाहेरचा आवाज पकडतं, त्याचे बावीस भाग पाडतं आणि प्रत्येक ठिपक्याला विजेचा इवलासा चिमटा काढायला लावतं. कुठल्या ठिपक्याला किती वीज द्यायची, किमान किती आणि सोसेल अशी कमाल किती, हे प्रत्येकाचं वेगळं असतं. तज्ज्ञ माणूस तासन् तास बसून ते लावतो. त्या आकड्यांच्या फायलीला म्हणतात नकाशा. नकाशा बदलला की जग बदलतं.

"माझी बायको फार हळू बोलते हो," हर्षल नव्या माणसाला गंभीर चेहऱ्याने सांगायचा आणि सगळे खो-खो हसायचे. कारण शाल्मली मूळची देवरुखची, तिने हाक मारली की पलीकडच्या वाडीतली गुरं थबकायची, असं तिचे वडील कौतुकाने सांगत. फोनवर लोक तिला 'सर' म्हणत. हर्षलची ही फिरकी ती सोळा वर्षं ऐकत होती आणि दर वेळी हसत होती. ती बोलायला लागली की तो जवळ यायचा, मान कलती करून कान तिच्या गालाशी आणायचा. भांडणातसुद्धा. असा नवरा मिळायला भाग्य लागतं, असं तिच्या मैत्रिणी म्हणायच्या आणि तिलाही तसंच वाटायचं.

एका सकाळी हर्षलचं कानामागचं यंत्र मेलं. चहा पिता पिता त्याने कप खाली ठेवला आणि म्हणाला, "सगळे गेले." आधी शाल्मलीला वाटलं, पक्षी गेले.

यंत्र जुनं होतं. ते बनवणारी नागपूरची छोटी कंपनी कधीच बंद पडली होती. तिचं नावही आता कुणाला धड आठवत नव्हतं. नवं यंत्र मिळत होतं, अमरावतीच्या दवाखान्यात, डॉक्टर अंजुम सय्यद यांच्याकडे. ते आतल्या तारेला जोडताही येत होतं. प्रश्न नकाशाचा होता. नवी यंत्रं स्वतःचा नकाशा स्वतः करतात, हजारो कानांची सरासरी काढून. तो नकाशा छान असतो, पण तो त्या माणसाचा नसतो.

"ज्यांना आजच ऐकायला शिकायचंय त्यांना काही फरक पडत नाही," डॉक्टर पडद्यावरून म्हणाल्या. "पण हर्षलचा मेंदू चाळीस वर्षं एकाच नकाशावर वाढलाय. नवा दिला तर त्यांना आवाज येतील, पण ओळखू येणार नाहीत. सगळी माणसं परत शिकावी लागतील. दीड-दोन वर्षं धरा."

हर्षल शाल्मलीच्या हातातल्या फोनवर उमटणारे डॉक्टरांचे शब्द वाचत होता. वाचून झाल्यावर त्याने आतल्या खोलीकडे पाहिलं. तिथे आई, म्हणजे रंजनाबाई, उशीला टेकून बसल्या होत्या. त्यांच्या प्रकृतीबद्दल बोलताना गेल्याच महिन्यात हृदयाच्या डॉक्टरांनी आवाज खाली आणला होता.

"आईचा आवाज शिकायला मला दोन वर्षं लागतील," हर्षल म्हणाला. स्वतःला ऐकू येत नसल्याने तो जरा मोठ्याने बोलला. "आईकडं दोन वर्षं आहेत का?"

शाल्मलीने त्याचा हात धरला. हे सगळं तिच्या धंद्यातलंच निघावं, याचा तिला रागही आला आणि धीरही वाटला. त्याच्या लहानपणच्या दवाखान्याचा सगळा दप्तरी डेटा तिच्याच तळघरात जमा होता. हर्षलचा शेवटचा नकाशा त्यात असणारच. आणि तो होता.

फाईल सापडली तेव्हा शाल्मलीने आधी तिच्या चपला पाहिल्या. ओळखीच्याच होत्या. केंद्रात 'पारखी' नावाची प्रणाली होती. कुठलीही फाईल तिच्यापुढे टाका, चपलांपासून आतल्या विणीपर्यंत सगळं तपासून ती निदान करायची. माणसांना जे काम महिना लागे ते ती क्षणात करी, आणि तिने 'खात्री पूर्ण' म्हटलं की देशभरातले दवाखाने, कोर्टं, विमा कार्यालयं ते प्रमाण मानत. खरं तर शाल्मलीसारखी माणसं आता नोंदी करण्यापेक्षा पारखीच्या नोंदींवर मान डोलवण्यासाठीच उरली होती. पारखीने नकाशा पाहिला, प्रकार सांगितला आणि पुढे लिहिलं: खात्री पूर्ण. डॉक्टरांनी पुढच्या पंधरवड्यातला दिवस दिला.

ते दिवस विचित्र होते. सकाळी धुकं खिडकीतून घरात यायचं आणि हर्षल त्यात पाय पोटाशी घेऊन बसलेला असायचा. तो ओठ वाचायचा, त्यामुळे बोलणं थांबलं नव्हतं. पण त्याच्या चेहऱ्यावर पाण्याखालून पाहणाऱ्या माणसाचे भाव असायचे. त्याला स्वप्नं पडत होती आणि ती तो चहाबरोबर सांगायचा. बहुतेक स्वप्नांत परतवाड्याची गिरणी असायची. रंजनाबाईंची पिठाची गिरणी होती. नवरा लवकर गेला, तेव्हापासून ती एकटीने चालवून त्यांनी मुलाला वाढवलं होतं.

"पट्टा फिरतो," हर्षल सांगायचा. "पीठ पडतं. सगळीकडं पांढरं पांढरं, इथल्या धुक्यासारखं. आणि आई हाक मारते. स्वप्नात मात्र ऐकू येतं बरं का."

"गिरणी तर कान किटवून टाकत असेल!"

हर्षलने तिच्या ओठांकडे पाहिलं आणि जरा विचारात पडला. "नाही. गिरणीला आवाज नसतो."

स्वप्न ते स्वप्न, म्हणून शाल्मलीने ते सोडून दिलं. पण कामावर जाऊन नकाशा पुन्हा उघडल्यावर तिचं लक्ष एका जागी अडकलं. बावीस ओळींपैकी पहिल्या पाच ओळींचे आकडे एकदम खाली गेलेले होते. एखाद्या रस्त्यात मध्येच खड्डा पडावा तसे. पारखीच्या वाचनाप्रमाणे पहिली ओळ म्हणजे शंखाच्या दाराशी असलेला ठिपका, म्हणजे सर्वांत बारीक आवाज. म्हणजे हर्षलला बारीक आवाज जवळजवळ ऐकूच येत नव्हते.

पण हा माणूस शिंजिरासारखा बारीक आवाजाचा पक्षी कुठल्या फांदीवर आहे ते पाठ फिरवून सांगायचा!

तिने डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर घाईत होत्या. "उरलेल्या आवाजांवरून ओळखत असतील. मेंदू फार हुशार असतो, मॅडम. आणि तुमच्याच पारखीने खात्री दिलीय ना?"

घरी येऊन तिने हर्षलला समोर बसवलं. "आपला चिलर कसा ऐकू यायचा तुला?"

"कुठला चिलर?"

"कुठला चिलर काय! मागचा. तू टेकून बसतोस तो."

"तो चालू असतो?" हर्षल म्हणाला.

शाल्मली उठून आईंच्या खोलीत गेली. रंजनाबाई सुपात तूर निवडत होत्या. त्यांना काम करू नका म्हणून सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, म्हणून कुणी सांगत नसे.

"आई, हर्षलचं यंत्र लहानपणी लावलं, ते कुठं लावलं? अमरावतीच्या दवाखान्यात ना?"

"लावलं ना बाप्पा दवाखान्यात. काचेच्या खोलीत," रंजनाबाई म्हणाल्या. "तिथं सप्पा शांत. तिथं हा गुमान ऐके. घरी आणला का रडे, ते कानामागचं ओढून फेकून दे. एकदा तं जात्यातच टाकलं होतं. मंग मी मेश्राम बाईले म्हटलं."

"कोण मेश्राम बाई?"

"यंत्राच्या बाई वं. लय गुणाची. मी म्हटलं, बाई, हा पोट्टा काचेच्या खोलीत रायते काय? हा तं गिरणीत रायते, पोत्यावर बसून. तुमचा तो कान गिरणीत येऊन लावून द्या."

शाल्मली खाली बसली. "आणि त्या आल्या?"

"आल्या ना! पोत्यावर बसल्या, मांडीवर लॅपटॉप. अंगभर पीठ. गिरणी चालू. मले म्हणे, तुम्ही रोज बोलता तेच बोला. मी हाका मारो, 'हर्षू, कुठं आहेस रे बाप्पा?' आन् त्या आकडे खाली करत जायच्या, खाली करत जायच्या. एकदम पोट्ट्यानं मान वर केली. गिरणी गायब आन् मी ऐकू आली!" रंजनाबाईंनी सूप खाली ठेवलं. इतक्या वर्षांनीही त्यांचे डोळे भरले. "दर सहा महिन्याले यायच्या. दवाखान्याचे लोक हसायचे त्यांले. म्हणे, शांत खोलीत लावायचं मशीन ह्या गिरणीत लावतात. मंग त्या म्हणत, ज्याचा कान त्याच्या घरी लावावा."

म्हणजे खड्डा खरा होता. मेश्राम बाईंनी तो मुद्दाम खणला होता, गिरणीची घरघर त्यात पुरून टाकण्यासाठी. पण घरघर खर्जात असते. खड्डा खालच्या आवाजांत हवा होता आणि पारखी तो वरच्या आवाजांत दाखवत होती. म्हणजे ओळींचा क्रमच उलटा होता. कुणी ठिपके दारापासून आत मोजतं, कुणी आतून दाराकडे. कंपनीने आधी एका पद्धतीने मोजलं असणार, मग पुढच्या यंत्रात पद्धत बदलली आणि फायलीच्या चपला मात्र त्याच ठेवल्या. पारखीने चपला पाहिल्या, वीण पाहिली. वीण दोन्हीकडून सारखीच दिसत होती.

पारखीचा नकाशा तसाच चढवला असता तर हर्षलचं जग पालथं झालं असतं. जिथे कमी वीज सोसते तिथे जास्त गेली असती, आणि आईची हाक थेट खड्ड्यात पडली असती.

पण अनुमान म्हणजे पुरावा नव्हे. दुसऱ्या दिवशी शाल्मलीने एक छोटा प्रोग्राम लिहिला. कुठलाही आवाज घ्यायचा, त्याचे बावीस भाग करायचे, नकाशाप्रमाणे कमी-जास्त करायचे आणि परत जोडायचे. हर्षलला नेमकं काय ऐकू येतं ते त्यातून कळणार नव्हतं, ते कुणालाच कधी कळणार नाही. पण जवळपास जाता आलं असतं. तिने क्रम उलटा केला, कानाला हेडफोन लावले आणि आधी जंगलातलं जुनं ध्वनिमुद्रण लावलं. शिंजीर आला, धारदार, सुईने टोचावा तसा. त्यामागे वारा नव्हता, गाडीचं इंजिन नव्हतं. जग धुऊन काढल्यासारखं. मग तिने चिलर लावला. काही नाही. हेडफोन बिघडले की काय म्हणून तिने ते दोनदा पाहिले.

मग तिने आईंचा आवाज लावला, मागच्या दिवाळीत चकल्या बिघडल्या म्हणून त्या रागावल्या होत्या तेव्हाचा. आणि शाल्मलीला हसूच आलं. आईंचा तो चिरका, उंच आवाज, तिला स्वतःला कधीकधी नकोसा होणारा, तो या नकाशातून असा काही उजळून येत होता की बस्स. शब्द न् शब्द कोरल्यासारखा. आजूबाजूला दुसरं काहीच नाही, फक्त आई. हर्षल इतकी वर्षं अशा जगात राहत होता, जिथे आई मधोमध उभी होती आणि बाकी सगळं बाजूला सरून तिला वाट देत होतं.

तिने सहज म्हणून स्वतःचा आवाज लावला.

आधी वाटलं, चुकून रिकामं मुद्रण लावलं. मग शब्द आले. च, स, ट, त, सगळी व्यंजनं होती, पण आवाज नव्हता. कुणीतरी दुसऱ्या खोलीत पुटपुटावं तसं. तिच्या घोगऱ्या, भरदार आवाजातलं जे जे काही तिचं होतं, ते सगळं गिरणीबरोबर त्या खड्ड्यात गेलं होतं.

'माझी बायको फार हळू बोलते हो.' तो फिरकी घेत नव्हता. सोळा वर्षं तो खरं सांगत होता आणि सगळे हसत होते, आणि तीही. तो मान कलती करून जवळ यायचा ते प्रेमाने नव्हे, त्याला ऐकू येत नव्हतं म्हणून. शाल्मलीने हेडफोन काढून ठेवले. तळघरात यंत्रांचे हिरवे दिवे लुकलुकत होते. तिला आईंचा हेवा वाटला, आणि हेवा वाटला म्हणून लाजही वाटली. मग ती रडली. मोठ्याने रडली, कारण तिला हळू रडताच येत नसे.

पाच ओळींचा तर प्रश्न होता. पाच आकडे थोडे वर केले की खड्डा भरणार होता. गिरणी आता बंद होती, जागेवर मोबाईलचं दुकान आलं होतं. कुणाला कळलं असतं? नकाशा वाचणारी ती, नोंद करणारी ती, प्रमाण मानणारे बाकीचे. दवाखान्यात यंत्र सुरू झालं असतं आणि हर्षलला पहिल्यांदा तिचा आवाज ऐकू आला असता, जणू काही तो कायमच तसा होता.

तिने फाईल उघडली. आकड्यांवर बोट ठेवलं. तिच्या धंद्यात एकच सोवळं होतं: मूळ फाईल जशी आहे तशी. वाचण्याची पद्धत शोधा, लिहून ठेवा, पण आतला अंक बदलू नका. तो ज्याचा आहे त्याचा आहे. हा नियम तिने शेकडो लोकांना शिकवला होता. त्यात इतकं दुखेल असं कुणालाच सांगितलं नव्हतं.

तिने फाईल बंद केली आणि कोशात नवी नोंद लिहायला घेतली. प्रकार: श्रवण-नकाशा, उत्तरकालीन आवृत्ती. चपला: पूर्वीच्याच. फरक: ओळींचा क्रम उलट, आतून बाहेर. पुरावा या रकान्यात तिने लिहिलं: 'सदर नकाशा पिठाच्या चालू गिरणीत लावलेला आहे. पहिल्या पाच ओळींतील उतार हा दोष नसून गिरणीचा आवाज वगळण्यासाठी केलेला आहे. साक्ष: मुलाची आई.' सरकारी कोशात असली साक्ष कुणी लिहिली नव्हती. पारखीने ती तपासून उत्तर दिलं की एका फायलीवरून निदान फिरवता येत नाही, दुसरा स्वतंत्र पुरावा हवा.

शाल्मलीने डॉक्टर सय्यद यांना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"मॅडम," डॉक्टर म्हणाल्या, "तीन वर्षांपूर्वी यवतमाळची एक मुलगी आली होती. तीच कंपनी. पारखीने वाचलेला नकाशा मी चढवला. ती म्हणायची, चिमण्या गडगडतात. पाऊस किंचाळतो. मी म्हटलं, होईल सवय. पुढं ती यायची बंद झाली. तिची फाईल पाठवते. आणि तिला आजच बोलावते."

मुलीची फाईल उलट्या क्रमाने वाचल्यावर सरळ निघाली; गडगडणाऱ्या चिमण्यांचा आणि किंचाळणाऱ्या पावसाचा उलगडा त्यातून झाला. पारखीने नोंद स्वीकारली, आणि तसल्या चपलांच्या आणखी किती फायली देशभर पडल्या आहेत ते शोधायला लागली. बऱ्याच निघाल्या.

अमरावतीला जायच्या दिवशी रंजनाबाई हट्टाने गाडीत बसल्या. घाट उतरेपर्यंत धुकं सोबत होतं. दवाखान्यात डॉक्टरांनी हर्षलच्या कानामागे नवं यंत्र लावलं, नकाशा चढवला आणि पडद्यावरच्या आवाजाच्या पट्टीवर बोट हळूच वर सरकवत नेलं. हर्षलने डोळे मिटले होते. आधी कुणी बोलायचं ते ठरलं नव्हतं, पण शाल्मली आपण होऊन मागे सरकली.

"हर्षू," रंजनाबाई म्हणाल्या, "कुठं आहेस रे बाप्पा?"

हर्षलने डोळे उघडले. त्याचा चेहरा कधी हसू कधी रडू असा होत गेला. मग त्याच्या कपाळाला आठी पडली.

"आई, तुले सर्दी झाली काय?"

"सकाळपासून हाय," रंजनाबाई म्हणाल्या. "कोणाले सांगतलंच नव्हतं म्या!" आणि पदराने नाक पुसत, रडत, हसत त्यांनी मुलाचं डोकं छातीशी धरलं. डॉक्टर सय्यद खिडकीकडे वळून उगीचच चष्मा पुसत राहिल्या.

शाल्मलीने काहीच सांगितलं नसतं तरी चाललं असतं. आई परत मिळाली होती, त्यासाठीच तर सगळा खटाटोप. पण न सांगणं हेही एक प्रकारे अंक बदलण्यासारखंच, असं तिला वाटलं. ती पुढे झाली. हर्षलने सवयीने मान कलती केली आणि कान तिच्या गालाशी आणला.

"मी हळू बोलत नाही रे," ती त्याच्या कानात म्हणाली. "मी कधीच हळू बोलत नव्हते. मी गिरणीच्या खड्ड्यात आहे."

मग तिने त्याला सगळं सांगितलं. तो ऐकत गेला आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. "म्हणजे लोक... मी सांगायचो तेव्हा लोक म्हणून हसायचे?"

"हो."

"आणि तू?"

"मीसुद्धा."

हर्षलने कानामागच्या यंत्राला बोट लावून पाहिलं. मग डॉक्टरांकडे वळला. "ह्या यंत्रात दोन नकाशे राहतात का?"

"चार राहतात," डॉक्टर म्हणाल्या.

"मग पहिला आहे तसाच असू द्या. त्याला हात लावू नका. दुसरा त्याच्यावरूनच करा, खड्डा भरून."

तो दुसरा नकाशा दवाखान्यात सुरू करायला मात्र त्याने नकार दिला. घरी जाऊन करतो म्हणाला.

परत आले तेव्हा ऊन उतरलं होतं आणि दरीतून धुकं पुन्हा वर चढत होतं. आई आत जाऊन आडव्या झाल्या. हर्षल अंगणात चिलरजवळच्या नेहमीच्या जागी बसला. शाल्मली मुद्दामच लांब गेली, कॉफीच्या झाडांच्या पार पलीकडे, जिथून तो धुक्यात नुसता एक ठिपका दिसत होता. त्याला आवडलाच नाही तर? गुरं थबकवणारा आवाज. फोनवर 'सर' म्हणवून घेणारा आवाज.

हर्षलने कानामागचं बटण दाबलं. आणि दचकून उठून उभा राहिला.

"हे काय आहे?" तो ओरडला. त्याने चिलरला हात लावला, परत काढला. "हे सोळा वर्षं इथंच होतं? तुम्ही लोक ह्यात झोपता?"

शाल्मलीला हसू फुटलं, आणि हसता हसता तिने हाक मारली. जपून नाही, हळू नाही. देवरुखच्या वाडीत मारायची तशी, पोटापासून.

"हर्षल!"

तो जिथल्या तिथे थांबला. धुक्यात त्याचा चेहरा दिसत नव्हता. हाक दरीत गेली, समोरच्या कड्यावर आपटली आणि परत आली, आणि त्याने आधी तिच्याकडे, मग दरीकडे, मग पुन्हा तिच्याकडे मान वळवली. मग तो चालायला लागला. कॉफीच्या झाडांमधून, ओल्या पानांना धक्के देत, वाट सोडून सरळ तिच्याकडे. येऊन समोर उभा राहिला. त्याचे डोळे वाहत होते.

"बोल ना," तो म्हणाला.

"काय बोलू?"

"रोज बोलतेस तेच."

मग ती बोलली. रात्रीच्या भाजीचं, आईंच्या सर्दीसाठी काढा करायचा त्याचं, यवतमाळच्या त्या मुलीचं. आणि बोलता बोलता तिच्या लक्षात आलं की त्याने मान कलती केली आहे आणि कान तिच्या गालाशी आणून ठेवला आहे.

"अरे, आता लांबून ऐकू येतंय ना तुला?"

"येतंय," हर्षल म्हणाला, "सगळं येतंय," आणि त्याने मान तशीच राहू दिली.